रक्ताचा आजार आणि तोंडाचे दुखणे : मूळपेशी प्रत्यारोपणानंतर तोंडात काय घडते?

'तोंड आले आहे' हे वाक्य आपण इतक्या सहजपणे बोलतो, की ऐकणाराही त्याकडे फारसे लक्ष देत नाही. जाईचा पाला चघळावा, तूप लावावे, दोन दिवस तिखट टाळावे आणि विसरून जावे, एवढाच त्या तक्रारीचा मान असतो. ज्या घरात ल्युकेमिया किंवा मल्टिपल मायलोमा हे रक्ताचे कर्करोग, अथवा थॅलेसेमिया हा रक्ताचा आनुवंशिक आजार, यांसाठी 'बोन मॅरो ट्रान्सप्लांट' म्हणजेच मूळपेशी प्रत्यारोपण करायचे ठरते, त्या घरातील माणसे खर्चाची चौकशी करतात, दाता कोण होईल हे पाहतात, रुग्णालयात किती दिवस राहावे लागेल हे विचारतात. आणि मग प्रत्यारोपणापूर्वीच्या तपासण्यांच्या यादीत हृदय, फुप्फुस आणि मूत्रपिंड यांच्या शेजारी 'दंतवैद्यकीय तपासणी' असे लिहिलेले वाचून बुचकळ्यात पडतात. रक्ताच्या आजाराचा दाढेशी काय संबंध, हा प्रश्न त्यांना पडणे अगदी स्वाभाविक आहे.

आधी प्रत्यारोपण म्हणजे काय, ते पाहू

'प्रत्यारोपण' या शब्दामुळे शस्त्रक्रियेचे चित्र डोळ्यांपुढे उभे राहते, पण येथे रुग्णावर शस्त्रक्रिया होत नाही. हाडांच्या पोकळीत जो मऊ गर असतो त्याला अस्थिमज्जा म्हणतात, आणि तांबड्या पेशी, पांढऱ्या पेशी व रक्तस्राव थांबवणाऱ्या प्लेटलेट्स या सर्वांना जन्म देणाऱ्या मूळपेशी त्या गरात राहतात. या मूळपेशी दात्याच्या हाडातून किंवा, आता बहुतेक वेळा, रक्तातून यंत्राच्या साहाय्याने गोळा केल्या जातात आणि रक्त चढवावे तशा रुग्णाच्या शिरेतून सोडल्या जातात. तेथून त्या आपली वाट शोधत अस्थिमज्जेत जाऊन रुजतात. भारतात हे उपचार १९८३ मध्ये मुंबईच्या टाटा मेमोरियल रुग्णालयात सुरू झाले. आज टाटाचा प्रत्यारोपण विभाग खारघर येथे आहे आणि थॅलेसेमियाच्या मुलांसाठी मुंबई महापालिकेचे केंद्र बोरिवलीत चालते.

प्रत्यारोपणाचे दोन मुख्य प्रकार लक्षात ठेवावे लागतात, कारण तोंडाचे पुढचे सारे भवितव्य त्यांवर अवलंबून असते. रुग्णाच्या स्वतःच्याच मूळपेशी आधी काढून, गोठवून, नंतर परत दिल्या तर त्याला ऑटोलोगस प्रत्यारोपण म्हणतात. मायलोमात बहुधा हेच केले जाते. भाऊ, बहीण, आईवडील किंवा एखादा अनोळखी दाता यांच्या पेशी दिल्या तर ते ॲलोजेनिक प्रत्यारोपण होय.

दोन्ही प्रकारांत नव्या पेशी देण्यापूर्वी जुनी जमीन मोकळी करावी लागते. कोकणात भाताचा तरवा पेरण्याआधी पालापाचोळा, शेण आणि कवळे रचून राब भाजतात, म्हणजे तणाचे बी जळते आणि जमीन नव्या बियाण्यासाठी तयार होते. प्रत्यारोपणापूर्वीचे काही दिवस अतितीव्र मात्रेतील केमोथेरपी, आणि काही रुग्णांत संपूर्ण शरीरावर किरणोपचार, देऊन नेमके हेच साधले जाते. या टप्प्याला कंडिशनिंग म्हणतात. फरक एवढाच, की शेतकऱ्याला आग कोठवर जाऊ द्यायची हे ठरवता येते. शिरेतून दिलेले औषध मात्र अस्थिमज्जेपुरते थांबत नाही.

मग तोंडच का भाजते?

केमोथेरपीची औषधे झपाट्याने विभागणाऱ्या पेशींना मारतात. कर्करोगाच्या पेशी तशा असतात, अस्थिमज्जेतील पेशी तशा असतात, केसांच्या मुळांशी असलेल्या पेशीही तशाच असतात, आणि तोंडापासून गुदद्वारापर्यंत आतून जे नाजूक अस्तर असते त्याच्या पेशीही त्याच जातीच्या असतात. गालाच्या आतले अस्तर साधारण एक ते दोन आठवड्यांत पूर्णपणे नवे होते. मातीची जमीन वापराने झिजते म्हणून घरातील बाई दर चार-आठ दिवसांनी शेणाने सारवते. ती पंधरा दिवस अंथरुणाला खिळली, तर जमीन उकलते, पोपडे सुटतात आणि त्या भेगांतून मुंग्या वर येतात. कंडिशनिंगनंतर तोंडाच्या अस्तराचे हेच होते. जुन्या पेशी नेहमीप्रमाणे झडत राहतात, पण खालून नव्या पेशी येणे थांबलेले असते. शिवाय औषधामुळे ऊतींमध्ये दाह निर्माण होतो आणि तो ही झीज अधिक वाढवतो.

या अवस्थेला म्युकोसायटिस असे नाव आहे. गाल आणि ओठ यांची आतली बाजू, जिभेच्या कडा आणि खालची बाजू, तोंडाचा तळ आणि मऊ टाळू येथे ती सर्वाधिक दिसते. टाळूचा पुढचा कडक भाग आणि हिरड्या यांवर जाड थर असतो, त्यामुळे त्या बऱ्याचदा वाचतात. कंडिशनिंग सुरू झाल्यावर पहिल्या आठवड्याच्या आसपास तोंड लाल होऊन जळजळू लागते, मूळपेशी दिल्यानंतरच्या दुसऱ्या आठवड्याच्या सुमारास त्रास शिगेला पोहोचतो आणि नव्या पांढऱ्या पेशी रक्तात दिसू लागल्या की साधारणपणे तोंडही भरून येऊ लागते. ॲलोजेनिक प्रत्यारोपणात प्रतिकारशक्ती दाबणारे मेथोट्रेक्सेट हे औषध दिले गेल्यास हा काळ अधिक खडतर जातो, कारण अस्तर सावरू पाहत असतानाच हे औषध पुन्हा त्याच पेशींवर आघात करते.

जागतिक आरोग्य संघटनेने या अवस्थेच्या पायऱ्या ठरवल्या आहेत, आणि त्या रुग्णाच्या ताटावरून मोजल्या जातात हे मला फार समंजसपणाचे वाटते. पहिल्या पायरीवर तोंड नुसते दुखरे आणि लाल असते; दुसऱ्या पायरीवर व्रण असतात, पण घन अन्न जाते; तिसरीवर फक्त पातळ पदार्थ गिळता येतात; आणि चौथीवर तोंडावाटे काहीच घेता येत नाही. तिसऱ्या-चौथ्या पायरीवरच्या रुग्णाला वेदनेसाठी मॉर्फिन आणि पोषणासाठी नळीचा किंवा शिरेचा मार्ग लागू शकतो. 'तोंड आले' या आपल्या शब्दांत हे काही मावत नाही.

वेदनेपेक्षाही गंभीर बाब पुढे आहे. पांढऱ्या पेशींपैकी न्यूट्रोफिल नावाच्या पेशी जंतूंशी लढणाऱ्या पहिल्या फळीत असतात, आणि या दिवसांत त्यांची संख्या प्रति घन मिलिमीटर ५०० च्या खाली गेलेली असते. तोंडात मात्र नेहमीचे असंख्य जंतू तसेच असतात. व्हिरिडान्स स्ट्रेप्टोकोकस हा गट तर एरवी निरुपद्रवी शेजारी म्हणूनच ओळखला जातो. अस्तराला भेगा पडल्या की हेच शेजारी थेट रक्तात शिरतात, आणि तेथे त्यांना अडवायला कोणी नसते. म्हणूनच प्रत्यारोपणाच्या खोलीतल्या परिचारिका दिवसातून अनेकदा तोंड उघडायला लावतात.

'दाढ दुखत नाही, मग आधीच का काढायची?'

कारण दाढ न दुखण्याचे श्रेय बऱ्याचदा रुग्णाच्या पांढऱ्या पेशींना असते. मुळाशी जुना पू असलेली दाढ, अर्धवट उगवून हिरडीखाली अन्न साठवणारी अक्कलदाढ, हिरड्यांचा हाडापर्यंत गेलेला रोग, हे सारे वर्षानुवर्षे शांत राहू शकते, कारण शरीर त्याला कुंपण घालून ठेवते. कंडिशनिंगमध्ये हे कुंपणच काढून घेतले जाते. त्यामुळे एक्स-रे काढून असे लपलेले अड्डे शोधणे, वाचवता येतील ते दात वाचवणे आणि न वाचणारे काढून टाकणे हे काम आधी करावे लागते. दात काढल्यानंतरची जखम भरण्यासाठी साधारण दहा ते चौदा दिवस हाताशी असावेत, अशी अपेक्षा असते. ल्युकेमियात इतका अवधी नेहमी मिळत नाही. मग रक्ताचे डॉक्टर आणि दंतवैद्य मिळून काय आत्ता करायचे आणि काय पुढे ढकलायचे हे ठरवतात. टोकदार कडा घासून गुळगुळीत करणे, तारा किंवा ब्रेसेस काढणे, घट्ट न बसणारी कवळी बाजूला ठेवणे ही कामे किरकोळ दिसतात, पण नाजूक झालेल्या गालाला अशी एक कड पुरेशी असते. दात पांढरे करणे किंवा नवी कॅप बसवणे अशा कामांची घाई नसते. ती प्रत्यारोपणानंतर प्रतिकारशक्ती सावरेपर्यंत, म्हणजे निदान सहा महिने ते वर्षभर, थांबू शकतात.

फोड टाळता येतात का?

पूर्णपणे नाही, पण एक उपाय इतका साधा आहे की ऐकणाऱ्याला तो घरगुती वाटावा. मायलोमाच्या रुग्णांना मेलफॅलान हे औषध मोठ्या मात्रेत दिले जाते. औषध सुरू होण्याच्या काही मिनिटे आधीपासून ते संपल्यानंतर साधारण अर्ध्या तासापर्यंत रुग्णाने बर्फाचे तुकडे तोंडात घोळवत राहायचे. थंडाव्याने तोंडातील रक्तवाहिन्या आकसतात, रक्त कमी पोहोचते आणि रक्ताबरोबर औषधही कमी पोहोचते. मेलफॅलान रक्तात फार काळ टिकत नाही, म्हणून ही युक्ती साधते. जी औषधे दिवसेंदिवस दिली जातात त्यांच्यासाठी कोणी इतका वेळ बर्फ चघळू शकत नाही. या उपायाची शिफारस आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक सूचनांतही आहे. बर्फ अर्थातच रुग्णालयाने दिलेल्या सुरक्षित पाण्याचा हवा. रस्त्यावरच्या गोळ्याची हौस नंतर कधीतरी भागवावी.

दुसरा मान्य उपाय म्हणजे तोंडाच्या अस्तरावर ठरावीक मात्रेत लाल प्रकाशाचा सौम्य लेझर सोडणे. हा लेझर कापत किंवा जाळत नाही; त्या प्रकाशाने पेशींची ऊर्जानिर्मिती आणि दुरुस्ती यांना चालना मिळते. त्यासाठी यंत्र आणि प्रशिक्षित माणूस लागतो, त्यामुळे तो सर्वत्र उपलब्ध नसतो. याखेरीज मीठ आणि खाण्याचा सोडा घातलेल्या पाण्याच्या वारंवार चुळा भरल्याने फोड टळत नाहीत, मात्र तोंड स्वच्छ आणि ओले राहते.

'हिरड्यांतून रक्त येते, मग ब्रश बंदच ठेवू नये का?'

प्लेटलेट्स कमी असताना ब्रशला लागलेले रक्त पाहून घरच्यांचा जीव वरखाली होतो, आणि पूर्वी डॉक्टरही अशा वेळी ब्रश बंद करायला सांगत. आता बहुतेक ठिकाणी याच्या उलट सल्ला दिला जातो. दातांवर साचलेला थर तसाच राहिला तर हिरड्या सुजतात आणि सुजलेल्या हिरड्यांतून अधिक रक्त येते; शिवाय तो थर जंतूंचे कोठारच असतो. म्हणून अतिशय मऊ केसांचा ब्रश, हलका हात आणि सौम्य टूथपेस्ट यांनी दात घासणे चालू ठेवावे. ज्याला तेही सोसत नाही त्याने ओल्या स्पंजच्या काडीने किंवा गॉझने तोंड पुसावे. ब्रश पूर्ण थांबवायचा की नाही, हे प्लेटलेट्सचा आकडा पाहून रुग्णालयातले डॉक्टरच ठरवतील. टूथपिक आणि मंजन यांना मात्र या काळात निश्चितपणे सुट्टी द्यावी, आणि अल्कोहोल असलेला माउथवॉश वापरू नये.

मधाबद्दलही हमखास विचारले जाते. किरणोपचारांमुळे आलेल्या तोंडाच्या फोडांवर मधाचे अभ्यास झाले आहेत, आणि हे औषध आजीच्या बटव्यातले आहे म्हणून त्याची टिंगल करण्याचे कारण नाही. तथापि बाजारातला किंवा पोळ्यावरून काढलेला मध निर्जंतुक नसतो, आणि झाडाचा पालाही नसतो. ज्याच्या रक्तात न्यूट्रोफिल जवळजवळ नाहीतच, त्याच्या उघड्या जखमेवर अशी वस्तू लावणे धोक्याचे आहे.

आणखी एक गोष्ट घरच्यांच्या लक्षात यावी. या दिवसांत उठणारा प्रत्येक व्रण औषधामुळेच आलेला नसतो. शरीरात लहानपणापासून निद्रिस्त असलेला हर्पिस विषाणू पुन्हा डोके वर काढू शकतो, आणि तो टाळू व हिरड्या यांच्या जाड भागावरही व्रण करतो. म्हणून बहुतेकांना ॲसायक्लोव्हिर हे विषाणूविरोधी औषध आधीपासूनच सुरू असते. दह्यासारखा पांढरा थर दिसला तर तो कॅन्डिडा या बुरशीचा असू शकतो. दिसायला सारखे असले तरी या तिघांचे उपचार वेगळे आहेत.

घरी आल्यानंतर सुरू होणारा दुसरा अंक

ऑटोलोगस प्रत्यारोपण झालेल्या बहुतेकांच्या तोंडाची कथा येथे जवळपास संपते. चव परत यायला काही आठवडे किंवा महिने लागतात, एवढेच. दात्याच्या पेशी घेतलेल्यांची कथा मात्र लांबते.

अस्थिमज्जा बदलली म्हणजे प्रतिकारशक्तीही बदलली. नवी पांढरी फौज दात्याकडून आलेली असते, आणि परगावाहून आणलेल्या राखणदाराने घरच्याच माणसांना चोर समजून काठी उगारावी, तशी ती कधीकधी रुग्णाच्या ऊतींवर उलटते. या आजाराला ग्राफ्ट व्हर्सेस होस्ट डिसीज, संक्षेपाने जीव्हीएचडी, म्हणतात. त्याचा जीर्ण प्रकार सामान्यतः पहिल्या तीन-चार महिन्यांनंतर दिसू लागतो, आणि त्वचा, डोळे व यकृत यांच्याबरोबर तोंड हे त्याचे अगदी नेहमीचे ठिकाण आहे. हाच राखणदार शरीरात उरलेल्या कर्करोगाच्या पेशींनाही हुडकून मारतो. त्यामुळे डॉक्टर त्याला पूर्ण निःशस्त्र करू इच्छित नाहीत, आणि उपचारांची सगळी कसरत यातूनच निर्माण होते.

तोंडात या आजाराची खूण म्हणजे गालाच्या आत आणि जिभेवर दिसणारी पांढरी जाळीदार नक्षी, लाली आणि कधी व्रण. रुग्णाला नक्षी दिसत नाही. त्याला कळते ते असे, की काल चाललेली आमटी आज जाळते. मिरची, मिरे, लोणचे, टोमॅटो, लिंबू, कडक भाकरीची कड, इतकेच काय, पुदिन्याच्या चवीची टूथपेस्टसुद्धा सोसत नाही. ज्या घरात ठेचा किंवा कोल्हापुरी रश्श्यावाचून जेवण पुरे होत नाही, तेथे हे दुखणे 'नखरे' ठरण्याचा मोठा धोका असतो. तिखटाबाबत अचानक आलेले हे असहिष्णुपण हे आजाराचे लक्षण आहे आणि ते डॉक्टरांना सांगायलाच हवे. टूथपेस्टपुरता उपाय म्हणजे लहान मुलांची सौम्य चवीची, पण फ्लुओराइड असलेली पेस्ट. व्रणांसाठी डेक्सामेथासोन या स्टेरॉइडच्या चुळा देतात; त्या औषध तोंडात चार-पाच मिनिटे धरून थुंकायच्या असतात. घाईघाईने खळखळून टाकल्यास त्यांचा उपयोग होत नाही. अशा स्टेरॉइडमुळे बुरशी वाढू शकते, म्हणून तिच्यावर नजर ठेवावी लागते.

जीव्हीएचडी लाळग्रंथींवरही चालून जातो, आणि किरणोपचार झाले असल्यास त्या आधीच अशक्त झालेल्या असतात. लाळेची किंमत ती आटल्यावरच कळते. ती अन्न ओले करते, आम्ल सौम्य करते आणि दातांवरील खनिजांची झीज सतत भरून काढते. ती नसेल, तर हिरडीलगतच्या कडेने दात वेगाने किडतात. ज्याला आयुष्यात कधी कीड लागली नव्हती, त्याचे अनेक दात वर्ष-दोन वर्षांत पोखरले जाऊ शकतात. येथे एक चूक वारंवार होते. तोंड कोरडे पडते म्हणून माणूस लिमलेटच्या गोळ्या किंवा आवळासुपारी चघळत राहतो, म्हणजे लाळेविना उघड्या पडलेल्या दातांना साखर आणि आम्ल यांत दिवसभर भिजवत ठेवतो. घोटघोट पाणी, साखरविरहित गोळी किंवा च्युइंगम, दंतवैद्याने लावलेला फ्लुओराइडचा लेप आणि जास्त फ्लुओराइडची पेस्ट हे यावरचे खरे उपाय आहेत. काहींना लाळ वाढवणाऱ्या पिलोकार्पिनच्या गोळ्याही दिल्या जातात.

क्वचित तोंडाभोवतीची त्वचा आणि ऊती घट्ट होऊन तोंड उघडणेच कमी होते. आपल्याकडे गुटख्यामुळे होणाऱ्या अशाच विकाराची ओळख इतकी पक्की आहे, की प्रत्यारोपणाचा इतिहास न सांगितल्यास दंतवैद्याची गफलत होऊ शकते.

'मुलांचे दुधाचे दात तर पडणारच आहेत'

पडणारच आहेत, पण त्यांच्याखाली पक्के दात त्याच वर्षांत घडत असतात. वयाच्या पाच-सहा वर्षांच्या आत प्रत्यारोपण झालेल्या मुलांत काही पक्के दात तयारच होत नाहीत, काही नेहमीपेक्षा लहान राहतात आणि पुष्कळांची मुळे आखूड होतात. पालकांना हे आठ-दहा वर्षांनी कळते, जेव्हा शेजारच्या मुलाप्रमाणे ब्रेसेस लावायला जावे आणि डॉक्टरांनी एक्स-रे पाहून हात आखडता घ्यावा. आखूड मुळांचा दात तारेचा ताण फार सोसत नाही. थॅलेसेमिया किंवा ल्युकेमियातून वाचलेल्या मुलाच्या दातांचा एक पूर्ण एक्स-रे वेळेवर काढून ठेवला, तर पुढचे नियोजन शक्य होते.

नेहमीच्या दंतवैद्याला काय सांगावे

काही वर्षांनी प्रकृती सुधारते, माणूस कामावर जाऊ लागतो आणि एखादा दात काढण्यासाठी गल्लीतल्या दवाखान्यात जातो. तेथे 'पूर्वी कॅन्सर होता' एवढेच सांगणे पुरेसे नाही. प्रत्यारोपण स्वतःच्या पेशींचे झाले की दात्याच्या, प्रतिकारशक्ती दाबणारी कोणती औषधे चालू आहेत आणि हाडे बळकट करण्यासाठी झोलेड्रोनिक ॲसिडसारखी इंजेक्शने घेतली आहेत का, या तीन गोष्टी सांगाव्यात. मायलोमाच्या रुग्णांत, तसेच स्टेरॉइडमुळे हाडे ठिसूळ झालेल्यांत, ही इंजेक्शने नेहमी दिली जातात. ती घेतलेल्या काही रुग्णांत दात काढल्यावर जबड्याचे हाड उघडे पडते आणि जखम महिनोन्‌महिने भरत नाही. प्रतिकारशक्ती दाबणाऱ्या औषधांपैकी सायक्लोस्पोरिन चालू असेल तर हिरड्या दातांवर चढलेल्या दिसतात. हे त्या औषधाचे काम आहे, अस्वच्छतेचे लक्षण असेलच असे नाही.

आणि एक गोष्ट तोंडाच्या कर्करोगाची. दात्याच्या पेशी घेतलेल्यांत, विशेषतः ज्यांच्या तोंडात जीर्ण जीव्हीएचडी होता त्यांच्यात, हा धोका इतरांपेक्षा जास्त असतो आणि तो वर्षे लोटली म्हणून कमी होत नाही. फॅन्कोनी ॲनिमिया या आनुवंशिक आजारासाठी प्रत्यारोपण झालेल्या मुलामुलींत तर तो फारच अधिक असतो. महाराष्ट्रात २०१२ पासून गुटख्यावर बंदी असली, तरी मशेरी लावणारी सासू आणि चुना मळणारा भाऊ अनेक घरांत आहेत. अशा घरात प्रत्यारोपण होऊन परतलेल्या माणसाच्या हाती मशेरीचा डबा पुन्हा पडू नये, याची काळजी घरच्यांनी घ्यायची आहे. तोंडाची तपासणी वर्षातून किमान एकदा, आणि जीव्हीएचडी असल्यास दर सहा महिन्यांनी, आयुष्यभर करावी लागते. मधल्या काळात जो पांढरा किंवा लाल चट्टा, गाठ अथवा व्रण दोन-तीन आठवड्यांत जात नाही, तो 'तोंड आले असेल' म्हणून न सोडता दाखवून घ्यावा, आणि गरज वाटल्यास त्याचा तुकडा काढून तपासायला नकार देऊ नये.